ओट्यावरचा उजेड आणि कपाटामागचा ड्रायव्हर

पाऱ्याच्या नळ्या जाणार, हे आता सगळ्यांना कळलं आहे. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणणाऱ्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ मध्ये जिनिव्हात मुदती ठरवल्या. जुन्या हॅलोफॉस्फेट नळ्यांचं उत्पादन आणि आयात-निर्यात २०२६ पर्यंत बंद, सुधारित ट्रायबँड नळ्यांचं २०२७ पर्यंत. चर्चा झाली ती ऑफिसांची आणि हॉलमधल्या ट्यूबलाइटची. स्वयंपाकघरात वरच्या कपाटांखाली बसवलेल्या बारीक टी-५ नळीची आठवण कुणाला झाली नाही. मॉड्युलर किचनच्या पहिल्या लाटेत ती अनेक घरांत बसली, आणि गेली की तशीच नळी आणून लावायची सोय आता संपत चालली आहे.

हा दिवा शोभेचा नाही. आपल्याकडे स्वयंपाकघराचा मुख्य दिवा छताला किंवा मागच्या भिंतीवर असतो. ओट्याशी उभं राहिलं की आपलीच सावली पोळपाटावर आणि सुरीवर पडते, वरची कपाटं ती आणखी गडद करतात. तांदळातला खडा, मेथीतली अळी, फोडणीत लाल होत आलेला लसूण, हे सगळं त्या सावलीत पाहायचं. वय वाढतं तसं डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोचणारा प्रकाश घटत जातो. साठीत तो विशीच्या साधारण एक तृतीयांश उरतो. घरात सगळ्यात धारदार आणि सगळ्यात गरम वस्तू जिथे हाताळल्या जातात, तिथेच उजेड सगळ्यात वाईट असतो, आणि हे आपण वर्षानुवर्षं चालवून घेतलं आहे.

टी-५ च्या जागी त्याच लांबीचं एलईडी बॅटन लावणं हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग अॅल्युमिनियम प्रोफाइलमधल्या एलईडी पट्टीचा. नवी किचन्स याच मार्गाने जातात, आणि इथेच फसगत होते. दोन-तीन वर्षांत उजेड मिणमिणायला लागतो किंवा एका संध्याकाळी पूर्ण जातो. इंटिरियरवाला सांगतो, पट्टीच गेली, सगळं नवं घ्या.

बहुतेक वेळा पट्टी गेलेली नसते, ड्रायव्हर गेलेला असतो. ड्रायव्हर म्हणजे घरातल्या २३० व्होल्टचे १२ किंवा २४ व्होल्ट डीसी करून देणारी छोटी डबी. तिच्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतो, त्यातला द्रव उष्णतेने सुकतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एलईडी हजारो तास टिकतात हे खरं, पण त्यांना वीज देणारी डबी सुतार कुठे बसवतो? चिमणीमागे, शेगडीच्या वर, प्लायच्या बंद कप्प्यात. वर प्लायची फळी ठोकली की ती डबी कुणाच्या हाताला लागत नाही. मग काही शे रुपयांच्या डबीसाठी कपाट खोलावं लागतं.

युरोपीय संघाने या प्रश्नाला कायद्याने हात घातला. १ सप्टेंबर २०२१ पासून तिथे दिव्याच्या फिटिंगमधला प्रकाशस्रोत आणि स्वतंत्र ड्रायव्हर सामान्य हत्यारांनी, फिटिंगची मोडतोड न करता, बदलता आला पाहिजे. तसं होणार नसेल तर उत्पादकाने त्याचं तांत्रिक कारण द्यायचं. आपल्याकडे एलईडी ड्रायव्हरला बीआयएस नोंदणी लागते, पण ती सुरक्षेसाठी. बदलता येण्याची अट हवीच, आणि ती कपाटात दिवे बसवून देणाऱ्यांनाही लागू व्हायला हवी.

तोवर तपासणी आपणच करून घ्यावी. पट्टी संपूर्ण काळोखी असेल तर वायरमनला मल्टिमीटरने ड्रायव्हरचं आउटपुट मोजायला सांगा. व्होल्टेज येत नसेल तर फक्त ड्रायव्हर बदला. येत असेल तर दोष बहुधा जोडात. तेलकट वाफेने क्लिपचे जोड सैल पडतात, तिथे डाग देऊन घ्यावा. सलग तीनच दिवे बंद असतील तर त्या गटातला एक गेला आहे. पट्टीवर कात्रीची खूण असते, तेवढा तुकडा बदलता येतो. बटण बंद करूनही पट्टी अंधूक तेवत असेल तर बऱ्याचदा बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं. हे धोक्याचं आहे, आधी ते दुरुस्त करा. काम करताना बटणावर विसंबू नका, एमसीबी खाली करा.

नवा ड्रायव्हर जुन्याच व्होल्टचा हवा. १२ च्या पट्टीला २४ दिले तर ती जळते. वॅट मात्र थोडे जास्त घ्या. मीटरला १० वॅटची तीन मीटर पट्टी असेल तर ४० वॅटचा ड्रायव्हर. पट्टी घेताना ९० किंवा जास्त सीआरआय (रंग किती खरे दिसतात याचा आकडा) मागा, नाहीतर लाल रंग फिके पडतात आणि भाजलेल्या पोळीचा, लसणाचा अंदाज चुकतो. उजेडाचा रंग ३००० ते ४००० केल्विन पुरे. दुकानदार पुढे करतो तो ६५०० चा निळसर पांढरा घेऊ नका. प्रोफाइल कपाटाच्या पुढच्या कडेला लावा, मागच्या टाइल्सला चिकटवू नका, आणि त्यावर दुधी झाकण हवंच. त्याशिवाय काळ्या ग्रॅनाइटमध्ये प्रत्येक ठिपका डोळ्यात येतो.

काढलेली टी-५ नळी घंटागाडीत टाकू नका. पाऱ्याचे दिवे २०२२ च्या ई-कचरा नियमांत येतात, ती संकलन केंद्रातच द्या. हातातून फुटली तर खिडक्या उघडा, व्हॅक्यूम क्लीनर लावू नका, तुकडे जाड कागदाने गोळा करून झाकणाच्या बरणीत ठेवा.

आणि नवं किचन करून घेत असाल तर सही करण्याआधी कोटेशनमध्ये एवढं लिहून घ्या: ड्रायव्हर शेगडीपासून लांब, स्क्रूड्रायव्हरने उघडेल अशा जागी बसवणार.