राजा बुध, मंत्री चंद्र

25 मार्च 2020, गुढीपाडवा. आदल्या रात्री बारापासून देशाला कुलूप लागलं होतं. कडुलिंबाचा डहाळा आणायला खाली उतरावं की नाही, यावर घरोघरी वाद चालले होते. साखरेची गाठी ज्यांनी आधीच आणून ठेवली होती ते शहाणे ठरले. आमच्याकडे त्याही सकाळी रिवाजाप्रमाणे पंचांगाची पूजा झाली आणि संवत्सरफल मोठ्यानं वाचलं गेलं. शके 1942, शार्वरी नाम संवत्सर. वर्षाचा राजा बुध, मंत्री चंद्र.

बुध म्हणजे व्यापार, हिशेब, वाणी. ज्या वर्षी तो गादीवर बसला त्याच वर्षी दुकानांची शटरं खाली आली आणि तोंडाला मुसकं बसलं. यावरून ज्योतिषाला हसणं सोपं आहे. ते मी आधीच उरकून घेतो, कारण मला सांगायचं आहे ते थोडं वेगळं आहे.

पंचांगातलं हे मंत्रिमंडळ बनतं कसं, हे वाचणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असतं. चैत्र शुद्ध प्रतिपदेला जो वार, त्या वाराचा ग्रह राजा. सूर्य मेष राशीत शिरतो त्या दिवसाचा वारेश मंत्री. सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो त्या वारावरून मेघांचा अधिपती ठरतो. 2020चा पाडवा बुधवारी होता आणि मेष संक्रांत 13 एप्रिलला, सोमवारी. संपलं. 2025 साली पाडवा रविवारी आला, राजा रवी झाला. राहू-केतूंच्या नावाचा वारच नसल्यामुळे ते बिचारे कायमचे विरोधी बाकांवर.

व्यक्तीऐवजी राज्याचं, पावसाचं, धान्याच्या भावाचं भविष्य सांगणारी ही शाखा, तिला मेदिनीय ज्योतिष म्हणतात. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त तिचा मोठा पसारा आहे: ग्रहणं, धूमकेतू, उल्का, भूकंप, पर्जन्य. त्यात ‘कूर्मविभाग’ नावाचं एक प्रकरण आहे. सत्तावीस नक्षत्रांचे तीन-तीनचे नऊ गट पाडून ते मध्यदेश आणि आठ दिशांना वाटून दिले आहेत. ज्या गटाला पापग्रहाची पीडा, त्या दिशेच्या मुलखावर संकट. परराष्ट्र खात्याच्या भिंतीवर लावावा असा हा नकाशा आहे. फक्त तो लेखकाला माहीत असलेल्या जगापाशी संपतो. त्यापलीकडच्या लोकांच्या वाट्याला नक्षत्रच आलेलं नाही.

आधुनिक राष्ट्रांना नक्षत्र द्यायचं तर त्यांची जन्मवेळ हवी, आणि इथे गंमत सुरू होते. 15 ऑगस्ट ही तारीख माउंटबॅटननी निवडली ती जपानच्या शरणागतीला त्या दिवशी दोन वर्षं पूर्ण होत होती म्हणून. तो शुक्रवार होता. ज्योतिषांना तो दिवस पसंत नव्हता आणि मध्यरात्रीची वेळ ही त्यावरची तडजोड होती, असं सांगतात. संविधान सभा 14 तारखेच्या रात्री अकराला बसली. त्या मध्यरात्रीची आपल्या देशाची कुंडली आजही टीव्हीवर आणि दिवाळी अंकांत फिरते: वृषभ लग्न, लग्नी राहू, तिसऱ्या स्थानी कर्केत रवी, चंद्र, बुध, शुक्र, शनी असे पाच ग्रह एका खाटेवर. युद्ध असो, निवडणूक असो, अर्थसंकल्प असो, सगळं या एका पत्रिकेवरून सांगितलं जातं.

पण त्याच कायद्यानं, त्याच रात्री दुसरंही एक राष्ट्र जन्माला आलं. पाकिस्ताननं पुढे 14 ऑगस्ट साजरा करायला सुरुवात केली, तरी 1948च्या त्यांच्या पहिल्या स्मारक तिकिटांवर 15 ऑगस्ट 1947 हीच तारीख छापलेली आहे. दिल्ली आणि कराचीत रेखांशाचा फरक सुमारे दहा अंशांचा. म्हणजे ही जुळी भावंडं. एकाच वेळेच्या, जवळजवळ एकाच पत्रिकेच्या या दोघांचं पुढच्या पाऊणशे वर्षांत काय काय झालं ते आपण पाहतोच आहोत. ज्योतिषी मंडळी यावर म्हणतात, पाकिस्तानची वेळ वेगळी धरा. कुणी म्हणतं, भारताचीही वेगळी धरा, प्रजासत्ताकाची, 26 जानेवारी 1950ची. अमेरिकेच्या तर कितीतरी पत्रिका आहेत. त्यांतली सर्वांत चालणारी 4 जुलै 1776च्या संध्याकाळची, एबेनेझर सिब्ली या इंग्रज ज्योतिषानं रचलेली. देशाचा जन्म लढाईत झाला, ठरावात झाला की सहीत, हे आधी इतिहासानं ठरवायचं, मग ग्रहांनी बोलायचं. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

एक बाजू मात्र प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. आंद्रे बार्बो या फ्रेंच ज्योतिषानं शनी-नेपच्यूनच्या सुमारे छत्तीस वर्षांच्या चक्राची सांगड रशियन साम्यवादाशी घातली होती. 1917ला क्रांती, 1953ला स्टालिनचा मृत्यू. म्हणून 1989 हे वर्ष निर्णायक ठरेल, असं त्यानं 1950च्या दशकातच लिहून ठेवलं. 1989ला बर्लिनची भिंत पडली. हे वाचून माझ्याही अंगावर क्षणभर काटा आला होता. पण हीच वाट आपण इकडेही चालून पाहिली आहे. फेब्रुवारी 1962मध्ये मकर राशीत अष्टग्रही झाली, वर सूर्यग्रहण. देशभर होम पेटले, तुपाचे डबे रिकामे झाले, लोकांनी प्रवास पुढे ढकलले. नेहरूंनी त्याची टिंगल केली. जगबुडी काही झाली नाही. त्याच महिन्यात तिसरी सार्वत्रिक निवडणूक मात्र व्यवस्थित पार पडली. पुढे ऑक्टोबरात चीननं हल्ला केला तेव्हा तेच लोक म्हणाले, बघा, अष्टग्रही! आठ महिने उशिरा का होईना, फांदी तुटली, आणि कावळा बसला होता हे सर्वांना आठवलं.

अशा आठवणींवर भरवसा नको म्हणून पुण्यात 2008च्या सुमारास जयंत नारळीकरांनी सहकाऱ्यांसह साधी चाचणी घेतली. त्यात संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे होते, नरेंद्र दाभोलकर होते, आणि स्वतः फलज्योतिष कोळून प्यायलेले प्रकाश घाटपांडे होते. दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या, निम्मी मुलं हुशार, निम्मी मतिमंद. कुणाची कुठली ते ज्योतिषांनी ओळखायचं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरं पाठवली. यश आलं 46 टक्के. नाणं उडवलं असतं तर थोडं बरं झालं असतं.

खरं-खोट्याचा प्रश्न माझ्या लेखी इथे मिटतो. मला कुतूहल आहे ते दुसऱ्याच गोष्टीचं. हाताशी गुप्तहेर खातं, सैन्य, अर्थतज्ज्ञ असं सगळं असलेली माणसं ज्योतिषाकडे काय मागायला जातात?

30 मार्च 1981ला वॉशिंग्टनमध्ये रोनाल्ड रेगन यांच्यावर गोळीबार झाला. ते वाचले, पण नॅन्सी रेगन यांची झोप उडाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या जोन क्विगली या ज्योतिषीणबाई म्हणाल्या होत्या की, तो दिवस घातक आहे हे पत्रिकेत दिसत होतं. त्यानंतर पुढची अनेक वर्षं राष्ट्राध्यक्षांचं विमान कधी उडावं, पत्रकार परिषद कधी व्हावी, हे त्या बाईंच्या फोनवर हलू लागलं. व्हाइट हाउसचे मुख्य अधिकारी डोनाल्ड रीगन (नावातलं साम्य हा योगायोग, ग्रहयोग नव्हे) आपल्या दिनदर्शिकेवर रंगाच्या खुणा करून ठेवत: चांगला दिवस हिरवा, वाईट लाल, डळमळीत पिवळा. नॅन्सीबाईंशी बिनसल्यावर त्यांना पद सोडावं लागलं आणि 1988 साली पुस्तक लिहून त्यांनी हे बिंग फोडलं. अणुकरारांच्या काळातली ही महासत्ता, आणि तिचं वेळापत्रक चौघडिया बघून ठरतंय! पण नीट पाहिलं तर नॅन्सीबाईंनी भविष्य फारसं विचारलेलंच नाही. नवरा घराबाहेर पडताना जी भीती वाटायची ती कुणीतरी वाटून घ्यावी, एवढंच त्यांचं मागणं होतं. आपल्याकडे मुलगा परगावी निघाला की आई राहूकाळ बघते, तसंच.

श्रीलंकेतली गोष्ट यापेक्षा महाग पडली. महिंदा राजपक्षे यांची राष्ट्राध्यक्षपदाची दुसरी मुदत 2016च्या नोव्हेंबरपर्यंत होती. सुमनदास अभयगुणवर्धन या आपल्या लाडक्या ज्योतिषाच्या सल्ल्यानं त्यांनी जवळजवळ दोन वर्षं आधीच निवडणूक लावली, 8 जानेवारी 2015चा दिवस धरून. त्यांच्याच मंत्रिमंडळातले मैत्रीपाल सिरिसेना फुटून समोर उभे राहिले आणि जिंकले. आणखी मागे, 2009 साली, यादवी युद्ध जिंकून राजपक्षे लोकप्रियतेच्या शिखरावर असताना चंद्रसिरी बंडारा नावाच्या ज्योतिषानं ते सत्तेवरून जातील असं भाकीत केलं होतं. त्याला पोलिसांनी उचललं. ज्याचा ज्योतिषावर विश्वासच नाही तो अशा माणसाकडे दुर्लक्ष करील. अटक करतो तो श्रद्धाळूच. रोमन सम्राट ऑगस्टसनं इसवी सन 11मध्ये कुणाच्याही मृत्यूचं भाकीत सांगायला बंदी घातली, आणि स्वतःच्या जन्मवेळची ग्रहस्थिती मात्र जाहीर करून टाकली. त्याच्या नाण्यांवर मकर रास असे. आकाश कुणाचंही असो, त्याचं भाषांतर करायचा हक्क सरकारी हवा.

सर्वांत जड बिल आलं ब्रह्मदेशात. त्या देशाचं स्वातंत्र्यच मुळी मुहूर्ताचं, 4 जानेवारी 1948, पहाटे चार वाजून वीस मिनिटं. पुढे 1962 साली लष्करी बंड करून सत्तेवर आलेल्या ने विन यांना नऊ हा अंक लाभतो अशी त्यांची खात्री होती. सप्टेंबर 1987मध्ये त्यांच्या सरकारनं 25, 35 आणि 75 क्यातच्या नोटा एका फटक्यात रद्द केल्या, मोबदल्यात काहीही न देता. बाजारात नव्या नोटा आल्या त्या 45 आणि 90 क्यातच्या. दोन्हींना नवानं भाग जातो. पंचेचाळीसच्या नोटेत भाजी घ्यायची आणि सुटे परत द्यायचे, हा हिशेब भाजीवाल्यानं करून पाहावा. लोकांनी गादीखाली ठेवलेली बचत रातोरात रद्दी झाली, विद्यार्थ्यांच्या फीचे पैसे गेले, आणि असंतोष पेटला. आंदोलकांनीही मग अंकालाच अंक भिडवला. देशभर संपाचा दिवस निवडला 8-8-88. ने विन त्याआधीच, जुलैत, पायउतार झाले होते. 18 सप्टेंबरला लष्करानं पुन्हा सत्ता हातात घेतली, हजारो माणसं गेली. अठरा तारीख, नववा महिना. ही बेरीज रंगूनमध्ये लोक बोटांवर करून दाखवत.

इथवर आल्यावर कुणीही म्हणेल, ग्रह सोडा, अंक सोडा, आतलं ऐका. मलाही तसंच म्हणायचं होतं. पण आपल्या राजकारणात या ‘आतल्या’चाही इतिहास आहे आणि तो काही धुतल्या तांदळाचा नाही. 1969च्या राष्ट्रपती निवडणुकीत काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी यांच्या अर्जावर इंदिरा गांधींची सही होती. मतदानाच्या तोंडावर त्यांनी खासदार-आमदारांना सद्सद्विवेकाला स्मरून मत द्यायला सांगितलं. दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली, व्ही. व्ही. गिरी निसटते जिंकले, वर्षअखेरीस पक्ष दुभंगला. एवढ्या सगळ्यांचे अंतरात्मे एकाच वेळी एकाच उमेदवाराकडे वळले, हा योग कुठल्याही पंचांगात नव्हता. अंतरात्म्यालाही व्हिप लागू होतो, एवढं त्यावरून कळलं.

म्हणून मला वारंवार आठवतो तो आपल्या पुण्याजवळचाच प्रसंग. 1933च्या एप्रिल अखेरीची रात्र, येरवड्याचा तुरुंग. गांधीजी झोपू शकत नव्हते. मग त्यांना आवाज ऐकू आला, असं त्यांनी नंतर लिहिलं. अस्पृश्यतेविरुद्धच्या कामासाठी आत्मशुद्धी म्हणून एकवीस दिवस उपास कर, असं तो सांगत होता. वय त्रेसष्ट. आदल्या सप्टेंबरातल्या उपासानं शरीर आधीच खंगलेलं. जवळच्या माणसांनी विरोध केला, मुलगा देवदास काकुळतीला आला. तो ईश्वराचाच आवाज होता, भास नव्हता, हे सिद्ध कसं करणार? गांधीजींचं उत्तर थोडक्यात असं होतं की, संशय घेणाऱ्यासमोर ठेवायला आपल्याजवळ आणखी पुरावा नाही. ज्योतिषाजवळही नसतो. तिथवर दोघं सारखेच.

8 मेच्या दुपारी उपास सुरू झाला, संध्याकाळी सरकारनं त्यांना सोडून दिलं. बाहेर येऊन त्यांनी कायदेभंगाची चळवळ काही आठवड्यांसाठी थांबवायला सांगितली आणि त्यावरून त्यांचेच लोक चिडले. उरलेले दिवस त्यांनी लेडी ठाकरसींच्या ‘पर्णकुटी’त काढले. त्या आवाजावर शंका घ्यायला आजही जागा आहे, आणि मी ती घेतो. एकाच्या उपाशी देहाकडे बघून इतरांना निर्णय घ्यावा लागणं हाही एक दबावच. पण आवाज चुकीचा निघाला असता तर त्याचं पहिलं बिल कुणाच्या नावावर फाटणार होतं, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. ने विन यांच्या नऊ अंकाचं बिल भाजीवालीनं भरलं. राजपक्षेंनी स्वतःचं स्वतः भरलं, ज्योतिषबुवा मात्र मुलाखती द्यायला मोकळे राहिले.

आता पाडव्याला पंचांग वाचताना राजा-मंत्री आले की घरातली मुलं विचारतात, यांना कुणी निवडून दिलं? मी त्यांना वार सांगतो. मग गूळ-कडुलिंब तोंडात टाकतो आणि संध्याकाळी वेळेवर गुढी उतरवतो. ती सूर्यास्तापूर्वी उतरवायची असते; तेवढा मुहूर्त अजून मोडलेला नाही.