घाटकोपर ते ग्वातेमाला, व्हाया स्पॅनिश

मेक्सिको सिटीच्या मेट्रोत गर्दीच्या वेळी पुढचे काही डबे बायका-मुलांसाठी राखीव असतात. मेट्रो वनमधून उतरून धावतपळत लोकलचा लेडीज डबा गाठणाऱ्या घाटकोपरच्या बाईला त्यात काही नवल वाटणार नाही. धक्के, पाकीटमार, पोटाशी घट्ट धरलेली पर्स, सगळं ओळखीचंच. पंचाईत होते ती शेजारची बाई गप्पा मारायला लागली की. कारण त्या गप्पा स्पॅनिशमध्ये असतात.

सुमारे 50 कोटी लोकांची ही मातृभाषा. ब्राझीलसारखे मोजके देश सोडले तर मेक्सिकोपासून चिलीच्या टोकापर्यंत तिच्यावरच कारभार चालतो. हॉटेलच्या काउंटरवर इंग्रजी भागतं. बस टर्मिनलवर, औषधाच्या दुकानात किंवा पोलिसासमोर ते भागेलच असं नाही. आणि एकट्या बाईला नेमकी तिथेच बोलायची वेळ येते.

मुंबईत स्पॅनिश शिकणाऱ्यांची कारणं वेगवेगळी. कुणाला ‘मनी हाइस्ट’ने नादी लावलं, कुणाला ला लिगाच्या फुटबॉलने, कुणाच्या मुलाला आंतरराष्ट्रीय शाळेत हा विषय आहे, तर कुणाच्या कंपनीचे ग्राहक लॅटिन अमेरिकेत आहेत. स्पेन सरकारने 1991 साली स्थापन केलेल्या इन्स्टिट्यूटो सेर्व्हांतेसचं केंद्र दिल्लीत आहे. ‘डेले’ ही परीक्षा याच संस्थेची. तिच्या ए1 ते सी2 अशा सहा पायऱ्या. प्रवासापुरती ए2 पुष्कळ झाली. मराठी माणसाला सुरुवात सोपी जाते. शब्द बहुतेक लिहिल्यासारखेच वाचायचे, त आणि द आपल्यासारखेच, तू आणि तुम्ही हा भेदही आहेच. घाम फुटतो तो क्रियापदांच्या रूपांपाशी.

मराठी घरांत लॅटिन अमेरिकेचा हा प्रदेश पोचवला तो मीना प्रभु यांनी. मूळच्या पुण्याच्या, लंडनमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या या बाईंनी जग पालथं घातलं, त्यातला बराचसा प्रवास एकटीने केला. ‘मेक्सिकोपर्व’ आणि ‘दक्षिणरंग’ ही त्यांची पुस्तकं वाचून कित्येकींनी नकाशात मेक्सिको आणि दक्षिण अमेरिका पहिल्यांदा नीट पाहिली असेल. मार्च 2025 मध्ये त्या गेल्या. बाई एकटी निघाली तर लोक काय म्हणतील, या प्रश्नाची धार त्यांच्या पुस्तकांनी बरीच बोथट केली.

आता आणखी एक वाट रुळली आहे. आधी एका गावात मुक्काम ठोकून भाषा शिकायची, मग फिरायचं. ग्वातेमालातलं अँटिग्वा हे त्यासाठीचं नावाजलेलं गाव. ही जुनी राजधानी 1773 च्या भूकंपात मोडली, 1979 साली जागतिक वारसा यादीत गेली आणि आज स्पॅनिश शाळांवर तिचा चांगला जम बसला आहे. एका विद्यार्थ्याला एक शिक्षक, सकाळी चारेक तास. गावाभोवती ज्वालामुखी आहेत. त्यातला फुएगो जागता, त्यामुळे शिकवणीच्या मध्येच लांबवर धुराचा लोट दिसू शकतो.

पण खरी शाळा भरते ती दुपारी, जेवणाच्या टेबलावर. बहुतेक विद्यार्थी स्थानिक कुटुंबात राहतात. ताटात मक्याच्या गरम तोर्तिया, काळा घेवडा, तळलेलं केळं. समोर घरची मालकीण. लग्न झालंय का? मुलं किती? वडिलांनी एकटीला कसं सोडलं? घाटकोपरच्या सोसायटीत ज्या प्रश्नांना टाळून लिफ्टऐवजी जिना पकडावासा वाटतो, तेच इथे उपयोगी पडतात. उत्तर देता देता वर्तमान, भूत, भविष्य असे सगळे काळ घोटून होतात. एकटी बाई दिसली की तिला स्वयंपाकघरात सहज बोलावलं जातं. एकट्या पुरुषाच्या नशिबी हे क्वचितच.

शाकाहारी बाईची परीक्षा निराळी. घाटकोपरच्या खाऊगल्लीत जैन पावभाजी मागणं सोपं. तिकडे ‘कार्ने नको’ म्हटलं तरी ताटात कोंबडी येऊ शकते, कारण ‘कार्ने’ म्हणजे अनेकांच्या लेखी फक्त गाय-डुकराचं मांस. कोंबडी नको, मासे नको, असं एकेक नाव घेऊन सांगावं लागतं. मेक्सिकोत तर परतलेल्या घेवड्यातही डुकराची चरबी असू शकते. तीही विचारून घ्यायची.

भाषा आली म्हणजे संकट टळलं असं मात्र नाही. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने 2018 मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी सायकलवरून जगप्रदक्षिणा केली. 14 देश, सुमारे 29 हजार किलोमीटर, 159 दिवस. त्या प्रवासात स्पेनमध्ये तिला चाकूचा धाक दाखवून लुटलं गेलं. चाकूपुढे कुठलंही व्याकरण चालत नाही. भाषेचा उपयोग होतो तो त्यानंतर. चोरीचा विमा मागायचा तर पोलिसांकडे तक्रार नोंदवल्याचा कागद लागतो. काय गेलं, कुठे, किती वाजता, हे स्वतःच्या तोंडाने सांगता आलं तर अर्धं काम होतं. म्हणून मेन्यू कार्डाआधी तक्रारीची वाक्यं पाठ करावीत.

निघायच्या तयारीतल्या दोन गोष्टी. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोत पर्यटक म्हणून जायला वेगळा व्हिसा लागत नाही. तरी नियम बदलतात, तेव्हा तिकिटाआधी दूतावासाचं संकेतस्थळ पाहावं. पेरू, कोलंबिया, बोलिव्हिया अशा पीतज्वराच्या देशांत जाणार असाल तर निघण्याच्या निदान 10 दिवस आधी लस टोचून घ्या. मुंबईत विमानतळ आणि बंदराच्या आरोग्य कार्यालयांत ती मिळते आणि प्रमाणपत्र जन्मभर चालतं. ते जवळ नसेल तर परत आल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावं लागू शकतं.