भिंती राहिल्या, हिशेब हवा

जुने गोवे येथील सांता मोनिका मठाच्या चर्चमध्ये आज ख्रिस्ती कलेचे संग्रहालय आहे. १९९४ साली रायतूरच्या सेमिनरीत सुरू झालेले हे संग्रहालय २००२ साली येथे आले. रुप्याची पूजापात्रे, हस्तिदंती मूर्ती पाहून प्रेक्षक थक्क होतो. पण ज्या वास्तूत तो उभा असतो, तिच्या धनिणींचे काय?

१६०६ साली स्थापन झालेल्या या मठात प्रवेश घेताना मुलीला हुंडा आणावा लागे. त्या भांडवलावर मठाची मालमत्ता वाढली; गोव्याच्या नगरसभेने त्याविरुद्ध पोर्तुगालच्या राजाकडे तक्रारीही केल्या. १६३६ च्या आगीतून मठ सावरला. कायद्यापुढे मात्र त्याचे काही चालले नाही. १८३४ च्या सुमारास पोर्तुगीज सत्तेने पुरुषांचे धर्मसंघ बरखास्त केले. धर्मभगिनींना राहू दिले, परंतु नव्या उमेदवारांना दार बंद केले. भरती थांबलेली संस्था मोडावी लागत नाही. ती आपोआप संपते. १८८५ साली अखेरची धर्मभगिनी निवर्तली.

वस्तू जपणे आवश्यकच आहे. परंतु त्या स्त्रियांचा हुंडा, श्रम आणि कारभार यांचा हिशेब वस्तूंशेजारी मांडला गेला, तरच तो त्यांचा वारसा ठरेल. एरवी ती केवळ रुप्याची मोजदाद होय.