अंडं सोसत नाही, मग गोवराची लस द्यावी का?



नागपूरच्या मनीषनगरात आपल्या एका सभासदाची लेक राहते. तिच्या बाळाला अंड्याचा घास दिला की अंगावर गांधी उठतात, ओठ सुजतात. नववा महिना संपला, गोवर-रुबेलाच्या लशीची वेळ आली. कुणीतरी सांगितलं, "ती लस अंड्यातनं काढतात, देऊ नका." आजी घाबरली अन् लस लांबली. असा घोळ दुसऱ्या घरात होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

ॲलर्जी म्हणजे शरीराच्या राखणदाराची चूक. रोगजंतूंवर उगारायची काठी तो अंडं, दूध, शेंगदाणा यांतल्या प्रथिनांवर उगारतो.

आता लशीचं पाहू. गोवराचा विषाणू कमजोर करून वाढवावा लागतो. काही कारखाने तो कोंबडीच्या गर्भाच्या पेशींत वाढवतात. त्यातही अंड्याचं प्रथिन अगदी नगण्य उरतं. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तो मानवी पेशींत वाढवते. म्हणून अंडं न सोसणाऱ्या मुलालाही ही लस देतात. पीतज्वराची लस मात्र वेगळी. ती काही परदेशांत जाताना लागते. तिच्याआधी डॉक्टरांना विचारावं.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी :

१) मुलाला काय सोसत नाही ते नर्सबाईंना आधीच सांगा. पूर्वी एखाद्या लशीनंतर किंवा जिलेटिन, निओमायसिन यांमुळे जिवावर बेतलं असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय लस घेऊ नका.

२) टोचल्यावर अर्धा तास केंद्रातच बसा. अंगभर गांधी, चेहऱ्यावर सूज, धाप, पोर निपचित पडणं, यांतलं काही दिसलं तर लगेच हाक मारा. त्यावर ॲड्रेनलिनचं इंजेक्शन असतं. असा प्रसंग लाखो डोसांत एखादाच.

३) थोडा ताप, टोचल्या जागी लाली ही ॲलर्जी नव्हे.

गोवर मात्र साधा नाही. 2022 साली मुंबई, भिवंडी, मालेगाव भागांत त्याची साथ आली, मुलं दगावली. पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत, दुसरा 16 ते 24 महिन्यांत. सरकारी केंद्रात दोन्ही फुकट.

शेवटी एक विनंती. आपल्या फडात येणाऱ्या तोडणी टोळ्यांची पोरं गावोगाव फिरतात, त्यांचे डोस हुकतात. कोपीवर गेलात की लसीचं कार्ड विचारा आणि आशाताईंना कळवा. ऊस वेळेवर तुटावा म्हणून आपण धावपळ करतो. तोडणाऱ्याच्या लेकरासाठी एवढं करणं आपलंच काम आहे.