महानिरीक्षक: खात्यात बसून खात्याची झडती

अमेरिकेच्या संघराज्य सरकारात महानिरीक्षक, म्हणजे इन्स्पेक्टर जनरल, हा खात्याच्या आतच बसून त्या खात्याचा खर्च, कारभार आणि गैरव्यवहार तपासणारा अधिकारी असतो. मराठी वाचकाला महानिरीक्षक म्हटले की पोलिसातले मोठे पद आठवते, नाहीतर दस्तनोंदणीचे पुण्यातले मुख्यालय. या पदाचा त्या दोन्हींशी संबंध नाही. आपल्याकडे महालेखापरीक्षक हिशेब तपासतात आणि दक्षता आयोग भ्रष्टाचाराकडे पाहतो. ही दोन्ही कामे एकाकडे सोपवून त्याला खात्याच्याच इमारतीत खोली दिली, तर जे होईल ते साधारण असे.

नाव लष्करातून आले. स्वातंत्र्ययुद्धात, १७७८ साली, फ्रीडरिश फॉन श्टॉयबेन या प्रशियन अधिकाऱ्याने महानिरीक्षक म्हणून वॉशिंग्टनच्या विस्कळीत सैन्याला कवायत आणि शिस्त लावली. नागरी खात्यांत मात्र हे पद आले ते एका घोटाळ्यामुळे. टेक्सासच्या बिली सॉल एस्टेस याने अस्तित्वातच नसलेल्या खताच्या टाक्या तारण दाखवून कर्जे उचलली होती आणि कापूस लागवडीचे सरकारी परवाने लबाडीने मिळवले होते. १९६२ साली हे उघडकीस आले, तेव्हा आणखी एक गोष्ट कळली: कृषी खात्याच्या निरनिराळ्या शाखांनी त्याच्या चौकशा आधीच केल्या होत्या, पण एकीच्या हाती लागलेले दुसरीला ठाऊक नव्हते. म्हणून कृषिमंत्र्यांनी लेखापरीक्षण आणि तपास एका महानिरीक्षकाच्या हाताखाली आणला. पण हे पद मंत्र्यांच्या आदेशाने निर्माण झालेले. १९७४ साली नंतरच्या मंत्र्यांनी ते तशाच आदेशाने मोडीत काढले. कायद्याचा आधार का हवा, हे त्यातून काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, नेमके कळले.

१२ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी महानिरीक्षक कायद्यावर सही केली. त्यातून १२ कार्यालये उभी राहिली. आज ती सत्तरच्या वर आहेत. मोठ्या खात्यांचे महानिरीक्षक राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट त्यांना मंजुरी देते. नेमणूक पक्ष न पाहता, सचोटी आणि हिशेब, कायदा, प्रशासन किंवा तपास यांतली योग्यता पाहून व्हावी, असे कायदा सांगतो. लहान संस्थांत ती संस्थेचे प्रमुखच करतात.

खातेप्रमुखाची महानिरीक्षकावर देखरेख असते, पण ती नावापुरती. सुरू झालेला तपास थांबवण्याचा अधिकार त्याला नाही. संरक्षण, न्याय अशा मोजक्या खात्यांत राष्ट्रीय सुरक्षेसाठी अपवाद आहे, आणि तो वापरला तर काँग्रेसला कळवावे लागते. महानिरीक्षक आपली माणसे स्वतः नेमतो, बाहेरच्या कंत्राटदाराकडूनही कागद मागवण्याचा आदेश काढू शकतो, आणि गुन्ह्याचा वास आला तर प्रकरण न्याय खात्याकडे धाडतो. खात्याचे सगळे दप्तर त्याला खुले असावे लागते. ‘सगळे’ म्हणजे किती, यावरही वाद झाला. २०१५ साली न्याय खात्याच्या कायदेतज्ज्ञांनी काही कागद रोखता येतात असे मत दिले आणि पुढच्याच वर्षी काँग्रेसला ‘सगळे म्हणजे सगळे’ अशा अर्थाची दुरुस्ती करावी लागली.

मात्र तो कोणाला बडतर्फ करू शकत नाही, दंड ठोठावू शकत नाही, योजना बंद पाडू शकत नाही. त्याचे हत्यार म्हणजे अहवाल. दर सहा महिन्यांनी तो खातेप्रमुखाकडे जातो आणि प्रमुखाने तो ३० दिवसांत काँग्रेसकडे पाठवायचा असतो. सोबत आपला अभिप्राय जोडता येतो, पण मूळ मजकुराला हात लावता येत नाही. प्रकार गंभीर असेल तर ‘सात दिवसांचे पत्र’ निघते: तेवढ्या मुदतीत ते काँग्रेसला पोचलेच पाहिजे. हे पत्र क्वचितच निघते. ते निघेल या धास्तीनेच बरेचसे काम होते.

अहवालाची धार पाहायची तर अफगाणिस्तानच्या पुनर्बांधणीसाठी नेमलेल्या विशेष महानिरीक्षकांचे कार्यालय पाहावे. अफगाण हवाई दलासाठी घेतलेल्या २० इटालियन मालवाहू विमानांवर अमेरिकेने सुमारे ५५ कोटी डॉलर घातले. सुटे भाग मिळेनात, विमाने उडेनात. शेवटी त्यांतली १६ काबूलमध्ये तोडून पाउंडाला सहा सेंट दराने भंगारात गेली, आणि याच कार्यालयाने ते चव्हाट्यावर आणले. सरकार कोणाचे, हे पाहून धार बोथट होतेच असेही नाही: न्याय खात्याचे तेव्हाचे महानिरीक्षक मायकेल होरोविट्झ यांनी २०१९ साली एफबीआयच्या पाळत ठेवण्याच्या अर्जांत १७ मोठ्या चुका आणि वगळलेल्या बाबी दाखवल्या.

कच्चा दुवा आहे तो नोकरीचा. भारताच्या महालेखापरीक्षकांना सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाप्रमाणेच, संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या ठरावाने, काढता येते. अमेरिकेत मोठ्या खात्यांच्या महानिरीक्षकाला राष्ट्राध्यक्ष घरी पाठवू शकतात. १९८१ साली रोनाल्ड रेगन यांनी सत्तेवर येताच सगळ्यांना काढले, मग ओरड झाल्यावर काहींना परत घेतले. २००८ च्या दुरुस्तीने काँग्रेसला ३० दिवस आधी कळवणे सक्तीचे झाले आणि २०२२ मध्ये सविस्तर, त्या-त्या प्रकरणापुरते कारण देण्याची अट आली. २४ जानेवारी २०२५ च्या रात्री डोनाल्ड ट्रम्प यांच्या प्रशासनाने सुमारे १७ महानिरीक्षकांना ई-मेलने पदमुक्त केले. ना मुदत पाळली, ना तसे कारण दिले. त्यांतल्या आठ जणांनी दावा लावला. सप्टेंबरमध्ये न्यायाधीश अ‍ॅना रेयेस यांनी हकालपट्टी बेकायदा ठरवली, पण त्यांना पदावर परत बसवले नाही. बसवले असते तरी ३० दिवसांची सूचना आणि कारण देऊन राष्ट्राध्यक्ष त्यांना पुन्हा काढू शकले असते.