सिनेमा संपल्यावर प्रियाचे काय होते?

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. नववीच्या वर्गावर आमचा ऑफ तास होता. मागच्या बाकावर तीन-चार मुली दबक्या आवाजात एका सिनेमाबद्दल बोलत होत्या. आम्ही जवळ गेलो तशा गप्प झाल्या. मग एकीने धीर करून विचारले, "मॅडम, 'क्या कहना'मध्ये प्रियाला घरचे परत आणतात. खरंच आणतात का हो?"

आम्ही काय उत्तर दिले? "वह्या काढा." जवळजवळ वीस वर्षे शिकवतो आहोत, आणि ऐनवेळी तोंडातून एवढेच निघाले.

कुंदन शाह यांचा हा सिनेमा 2000 सालचा, म्हणजे या मुलींच्या जन्माआधीचा. पण मोबाइलवर जुने-नवे सगळे सारखेच. कॉलेजात शिकणारी प्रिया लग्नाआधी गरोदर राहते, राहुल हात झटकून मोकळा होतो, वडील तिला घराबाहेर काढतात आणि मग लेकीवाचून राहवत नाही म्हणून परत आणतात. कॉलेजात टिंगल होते, ती खचत नाही, शेवटी अजय तिचा हात धरतो. सिनेमात एक गोष्ट चांगली आहे, ती मान्य करायला हवी. दोष एकट्या मुलीच्या माथी मारलेला नाही, राहुललाही जाब विचारला आहे. आपल्या मोहल्ल्यात अशी कुजबुज होते तेव्हा मुलाचे नाव कोणी घेते का?

मात्र पडद्यावर महिने गाण्यात निघून जातात. सरकारी दवाखान्यातली रांग, कमी भरलेले रक्त, बुडालेली परीक्षा, रात्रभर रडणारे मूल यांना तिथे जागा नसते. चौदा वर्षांच्या मुलीच्या मनात शेवटचा प्रसंग तेवढा राहतो. सगळे ठीक होते!

अमेरिकेत 2009 साली एमटीव्ही वाहिनीवर 'सिक्स्टीन अँड प्रेग्नंट' हा कार्यक्रम सुरू झाला. त्यात नट्या नव्हत्या, खऱ्या मुली होत्या. त्यांच्या झोपेविना रात्री, पैशांची ओढाताण, सुटत चाललेली शाळा, सगळे दाखवले जाई. हे पाहून मुली बिघडतील अशी ओरड झाली. 2014 साली मेलिसा कर्नी आणि फिलिप लेव्हिन या अर्थशास्त्रज्ञांनी हिशोब मांडला, तो वेगळाच निघाला. कार्यक्रमामुळे पुढच्या दीड वर्षात किशोरवयीन मुलींची बाळंतपणे 5.7 टक्क्यांनी घटली, असे त्यांचे म्हणणे होते. नंतर इतर अभ्यासकांनी त्यावर शंका घेतल्या, तेव्हा आकडा डोळे झाकून घेऊ नये. पण दुसऱ्या दिवशीची सकाळ दाखवली तर मुले विचारात पडतात, एवढे आम्हाला वर्गातल्या अनुभवावरून पटते.

ती सकाळ आपल्या घरात कोण दाखवणार? पालकसभेत एक अम्मी अभिमानाने म्हणाल्या, "आमच्याकडे टीव्हीच नाही." त्यांच्या मुलीच्या दप्तरात आठवड्यापूर्वी फोन सापडला होता. आम्ही बोललो नाही. हया म्हणजे गप्प बसणे, असा अर्थ आपण कधी आणि कुठून घेतला कोण जाणे. 'बहिश्ती जेवर' लेकीला निकाहात देण्याची रीत आपल्यात जुनीच. हैज, गुस्ल, सगळे मसले त्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. पण ते मिळते निकाहाच्या दिवशी, आणि फोन मिळतो बाराव्या वर्षी.

आणखी एक गोष्ट मनाला टोचते. सिनेमातली अल्पवयीन आई बहुधा बिनलग्नाची असते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या 6.8 टक्के मुली आई झालेल्या किंवा गरोदर आढळल्या. यांतल्या बहुतेक लग्न झालेल्या. त्यांच्या बाबतीत कुजबुज होत नाही, मिठाई वाटली जाते. कोवळ्या शरीराला मात्र निकाहनाम्यावरची सही कळत नाही. धोका तोच राहतो, अशक्तपणा तोच, आणि शाळाही तशीच सुटते. 'बालिका वधू'सारखी एखादी मालिका सोडली, तर या मुलींची गोष्ट पडद्यावर फारशी येतच नाही.

गेल्या जूनमध्ये आमची एक जुनी विद्यार्थिनी शाळेत आली होती. दहावीच्या सहामाहीनंतर तिचे नाव पटावरून गेले होते. आता सतरा वर्षांची, कडेवर पाच महिन्यांचे बाळ. नववीच्या त्याच मुली व्हरांड्यात तिच्याभोवती जमल्या, बाळाला घेण्यासाठी भांडू लागल्या. ती मात्र आमच्याकडे पाहत होती. तिच्या अम्मीने हळूच विचारले, "मॅडम, 17 नंबरचा फॉर्म भरून हिला दहावीला बसता येईल का?"

येते, असे आम्ही सांगितले आणि काय काय कागद लागतील ते लिहून दिले. सिनेमाचा प्रश्न विचारणारी मुलगी शेजारीच उभी होती. तिने विचारले, "आपा, अभ्यास कधी करणार?"

"हा झोपल्यावर," ती म्हणाली. "झोपतच नाही पण."