दगडावरून खोडलेलं नाव

आज जरा लांब जाऊया, इजिप्त देशात, साडेतीन हजार वर्षांपूर्वी. नाईल नदीला दरवर्षी पूर यायचा, काठावर गाळ बसायचा आणि त्यात गहू, सातू पिकायचा. तिथल्या राजाला आपण 'फेरो' म्हणतो. या शब्दाचा मूळ अर्थ 'मोठं घर', म्हणजे राजवाडा. पुढे वाड्याचं नाव वाड्यातल्या धन्यालाच पडलं.

इजिप्तमध्ये एकामागून एक अशी तीसएक राजघराणी झाली. त्यातलं अठरावं फार नावाजलेलं. याच घराण्यात एक बाई फेरो झाली. तिचं नाव हत्शेप्सुत.

ती राजाची मुलगी. लग्न झालं सावत्र भावाशी. त्या राजघराण्यात तशी रीत होती. तिला मुलगी झाली. नवरा वारला तेव्हा गादीचा वारस होता सवतीचा लहानगा मुलगा, तिसरा थुटमोस. पोर लहान, म्हणून कारभार हत्शेप्सुतने हाती घेतला. काही वर्षांनी तिने स्वतःलाच राजा म्हणून जाहीर केलं. मुलाला मात्र तिने गादीवरून काढलं नाही.

'राणी' का नाही म्हणवलं? कारण तिथे राणी म्हणजे 'राजाची बायको'. राज्य करणाऱ्या बाईसाठी वेगळा शब्दच नव्हता. म्हणून बऱ्याच पुतळ्यांत तिला राजाचा पोशाख आणि खोटी दाढी आहे. लेखांत मात्र अनेक ठिकाणी 'ती' असंच लिहिलेलं आहे.

तिने वीसेक वर्षं राज्य केलं. देवळं बांधली. तांबड्या समुद्रातून पुंट नावाच्या देशाला जहाजं पाठवली. तिथून सोनं आलं, हस्तिदंत आलं आणि सुगंधी डिंकाची झाडं आली. आपल्याकडे बाळंतिणीला हिराबोळ देतात ना, तसा डिंक. तो तिकडे देवळात धूप म्हणून जाळत. झाडं मुळांसकट टोपल्यांत घालून आणली. ते सगळं चित्र देर अल-बहरी इथल्या तिच्या देवळाच्या भिंतीवर आजही कोरलेलं दिसतं.

ती गेल्यावर वीसेक वर्षांनी, त्याच सावत्र मुलाच्या राज्यात, तिचं नाव छिन्नीने खोडलं गेलं. पुतळे फोडून खड्ड्यांत टाकले. पूर्वी लोक म्हणत, मुलाने सूड घेतला. पण रागच असता तर तो वीस वर्षं थांबला असता का? म्हणून आता बरेच अभ्यासक म्हणतात, आपल्या मुलाला गादी बिनघोर मिळावी आणि बाई राजा झाली होती याचा दाखला मागे राहू नये, म्हणून हे केलं. नाव टिकलं तर माणूस मेल्यावरही जगतो, अशी तिथली श्रद्धा होती. म्हणजे नाव पुसणं हे दुसरं मरणच.

पण सगळं पुसता आलं नाही. १८२२ मध्ये ती जुनी चित्रलिपी उलगडली. मग अभ्यासकांना कोडं पडलं: चित्र राजाचं आणि मजकूर बाईचा, हे कसं? त्या धाग्यावरून हत्शेप्सुत पुन्हा सापडली. कर्नाकच्या देवळात तिचा सुमारे तीस मीटर उंच दगडी स्तंभ अजून उभा आहे. त्याच्याभोवती भिंत बांधून तो झाकला होता. त्या भिंतीआड तिचे लेख उलट सुरक्षितच राहिले.

मैत्रिणींनो, आज आपण तिचं नाव घेतलं. आता घरी मुलींनाही सांगा: हत्शेप्सुत.